नवरात्रातले मासे

अल्का रामटेकेने समुद्र एकदाच पाहिला. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी विद्यापीठाची सहल रत्नागिरीला गेली होती. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्याशी ती गुडघे टेकून बसली, ती उठेचना. बाकीच्या मुली फोटो काढून, भेळ खाऊन परत आल्या तरी ही तिथेच, ओढणीचं टोक खाऱ्या पाण्यात भिजलेलं. ओंजळभर पाण्यात एवढं जग नांदतं, एकमेकांना खातं आणि एकमेकांना जगवतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. पीएच.डी. करायची तर समुद्रावरच, असं तिने परतीच्या गाडीत ठरवून टाकलं.

तिचे मार्गदर्शक उमाळे सर हसले. "समुद्र कुठे, गोंदिया कुठे! आई बिडी वळते, वडील ऑटो चालवतात, तू कोकणात राहणार कशी? तुझ्या जिल्ह्यात तलावच तलाव आहेत. जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेले, कुणी धड अभ्यासलेले नाहीत. पाण्याचे नियम तिथेही तेच."

अल्का थोडी हिरमुसली. पण सर म्हणत होते त्यात खोट नव्हती. सालेकसा स्टेशनावरून आत जंगलाकडे गेलं की जांभूळटोला लागतं. तिथला मोठा तलाव तिने निवडला. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला सागाचं रान, आणि काठाला बेशरमाची झुडपं माजलेली. गावातल्या ढिवरांची मच्छीमार सोसायटी तिथे मासे सोडायची. सोसायटीचे अध्यक्ष यादोराव यांनी परवानगी दिली आणि डोंग्यासाठी, म्हणजे तलावातल्या होडीसाठी, ईश्वरदासकडे बोट दाखवलं.

ईश्वरदास पन्नाशीचा, अबोल माणूस. पहिल्या दिवशी डोंगा मधोमध नेऊन त्याने बांबू चिखलात रोवला आणि विचारलं, "पानी मोजून का भेटते, बाई?"

"पाण्यात श्वास किती आहे ते कळतं, काकाजी. मासेही श्वास घेतात ना."

तिने काचेच्या बाटलीत पाणी भरलं, दोन औषधांचे थेंब सोडले, बूच लावून हलवलं. पाणी तपकिरी झालं. "जितका रंग गडद तितका प्राणवायू जास्त," ती म्हणाली. ईश्वरदासने बाटली उन्हात धरून निरखली. "चहा होय हा तर," तो म्हणाला, आणि तेव्हापासून दर खेपेला त्याचा ठरलेला प्रश्न असायचा, "आज चहा कडक का पानचट?"

मोजणी पहाटे उजाडताना करावी लागायची, म्हणून आदल्या दिवशीच्या पॅसेंजरने येऊन अल्का ईश्वरदासच्याच घरी मुक्काम करायची. त्याची बायको वच्छला तिला भात आणि अंबाडीची भाजी वाढायची, स्वतःच्या शेजारी गोधडी टाकून द्यायची. दोन्ही पोरं हैदराबादला कामाला गेलेली, मुलगी नाही. अल्काच्या केसांना तेल लावताना ती म्हणायची, "एवढी शिकली, पन डोक्यावर तेल नाई. मायनं हेच शिकवलं का व?" बौद्धांची मुलगी आपल्या चुलीपाशी बसते यावर गावात कुजबुज झाली होती. वच्छलाने ती कधी अल्काच्या कानावर येऊ दिली नाही.

दोन वर्षं अशीच गेली. त्या दोन वर्षांत तलाव बदलत गेला. यादोरावांच्या मुलाने, इंद्रकुमारने, गावाबाहेर कोंबड्यांचं शेड टाकलं होतं. तिथली सगळी घाण ट्रॉलीने तलावात पडू लागली. यात कुणाचा डाव नव्हता. कोंबडखताने पाणी हिरवं होतं आणि हिरव्या पाण्यावर मासा पोसतो, हे यादोरावांना सरकारी ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. कतले मासे हाताएवढे झाले. सोसायटीची माणसं खूश होती.

पण खालचं पाणी मरत चाललं होतं. तळाजवळची बाटली आता तपकिरी होत नसे. औषध टाकलं की दुधासारखा पांढरा साका खाली बसे. प्राणवायूच नसला की असं होतं. पावसाळा सरता सरता तो पांढरा रंग तळापासून वर येऊ लागला. अल्का सोसायटीच्या बैठकीत जाऊन बोलली. दिवसा उन्हात हे हिरवं शेवाळ पाण्यात श्वास सोडतं, पण रात्रभर तेच श्वास ओढून घेतं. आभाळ भरून राहिलं, वारा पडला, तर पहाटे माशांना काही उरणार नाही. खत थांबवा.

"म्याडम," यादोराव समजुतीने म्हणाले, "तुमी पुस्तकाचं सांगून राहिल्या. मासा तर वाढून राहिला ना?"

मासा खरंच वाढत होता.

नवरात्र लागलं आणि आभाळ दाटून आलं. पाऊस नाही, ऊन नाही, पानही हलत नाही. तलाव रंग ओतल्यासारखा हिरवागार, वर साय धरलेला. अल्का कॉलेजला सुट्टी म्हणून आठवडाभर जांभूळटोल्यातच होती. अष्टमीच्या पहाटे तिने मधल्या पाण्याची बाटली भरली. पांढरी. मग पृष्ठभागाच्या वीतभर खालची. तीही जवळजवळ पांढरीच. डोंग्याभोवती मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते.

ईश्वरदासने बाटली पाहिली. "आज तं दूधच झालं, पोरी."

ती तशीच ओल्या पायांनी यादोरावांच्या दारात गेली. "आजच्या आज जाळी टाका. नाहीतर पंप लावून पाणी उसळवा. उद्या मासे मरतील."

यादोराव देवीच्या आरतीची तयारी करत होते. ओसरीवर चार माणसं बसली होती. एक जण हसला. नवरात्रात मासा खातो कोण? गोंदियाचा व्यापारी दसऱ्याशिवाय गाडी पाठवत नाही. आज काढलेला मासा घरात कुजवायचा का? आणि पंप तर धानाला लागलेले. यादोराव म्हणाले, "दोन दिवसांचा सवाल आहे, म्याडम. दसऱ्याला जाळी टाकतो."

"दोन दिवस नाहीत तलावाकडे," अल्का जरा मोठ्याने म्हणाली. पुढे हे वाक्य चारही जणांनी जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाव पांढरा दिसत होता. काठाशी मेलेल्या माशांचा थर, त्यावर कावळे आणि घारी. कतले, रोहू, मिरगल, पोटं वर करून. बाया काठावर उभ्या राहून रडत होत्या, पुरुष गुडघाभर पाण्यात शिरून मासे उलटेपालटे करत होते, जणू एखादा अजून हलेल. अल्का ईश्वरदासच्या मागे धावत आली आणि काठाशी बसून मासे निरखू लागली. इतकं नेमकं खरं ठरेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

कुणीतरी ओरडलं, "जहर टाकलं! कोनी तरी जहर टाकलं!"

"जहर नाही," अल्का उठून म्हणाली. "मरळ बघा, मरळ जिवंत आहेत. विष असतं तर तेही मेले असते. मरळ वर येऊन हवा घेतो, म्हणून वाचला. पाण्यातला श्वास संपला—"

"तुले कसं मालूम?" कालच्या चौघांपैकी एक पुढे आला. "काल तूच सांगून राहिली होती ना, उद्या मासे मरतीन म्हनून? तुले कसं मालूम होतं?"

"मी पाणी मोजलं."

"मोजलं का टाकलं?"

त्या एका प्रश्नाने सगळा काठ तिच्याकडे वळला. दोन वर्षं ही बाई तलावात जाते, बाटल्यांत थेंब टाकते, पाण्याचा रंग बदलते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणीतरी ईश्वरदासच्या घरून तिची पेटी आणली आणि आपटली. बाटल्या फुटल्या. त्यात मोजणीलाच लागणाऱ्या तीव्र आम्लाची एक बाटली होती, ते सांडलं आणि गवत चरचरून काळं पडलं. माणसं मागे सरकली. त्यानंतर तिचं कुणी काय ऐकणार? गर्दीतून कुणी तिच्या जातीचं काढलं. बांगड्या भरलेला एक हात तिच्या वेणीपर्यंत आला, तेवढ्यात ईश्वरदास मधे उभा राहिला.

"पोरीनं काई नाई केलं," तो म्हणाला. "मी डोंग्यात होतो. माह्या डोऱ्यांसमोर झालं सारं."

अबोल माणूस, पण त्या दिवशी तो हे एकच वाक्य पुनःपुन्हा बोलत राहिला. पोलिसांची जीप आली, तिला बसवून सालेकसाला घेऊन गेली. हवालदार म्हणाला, "मॅडम, गिरफ्तार नहीं किया है. वहां रहतीं तो लोग मार डालते." संध्याकाळी वडील ऑटो घेऊन आले आणि तिला घरी घेऊन गेले.

मत्स्य खात्याचा माणूस तपासणीला पोचेपर्यंत आभाळ मोकळं झालं होतं आणि वारा सुटला होता. पाणी ढवळून त्यात पुन्हा प्राणवायू मिसळला होता. त्याच्या अहवालात आलं की पाणी सर्वसामान्य आहे. पाणी चांगलं होतं तर मासे मेले कशाने? गावाला जे हवं होतं ते मिळालं.

अल्का उमाळे सरांकडे गेली. सरांनी तिचे आकडे पुढे ओढून घेतले आणि खुर्चीत सरसावून बसले. "अष्टमीची सकाळ सुद्धा आहे? अगं, मासे मरण्याच्या आदल्या पहाटेची मोजणी कुणाला मिळत नाही! हा शोधनिबंध बाहेरच्या देशात छापून येईल."

"सर, तुम्ही गावात चला ना. तुम्ही समजावलंत तर ऐकतील."

सरांनी चष्मा काढून पुसला. "गावकऱ्यांना समजावणं हे आपलं काम नाही, अल्का. आणि तू आता तिकडे फिरकू नकोस."

जांभूळटोल्यात ईश्वरदासला सोसायटीने बाहेर काढलं. त्याचा डोंगा ओढून रस्त्यावर आणून ठेवला. तलावात जाळं टाकायचं नाही, कुणी त्याच्याकडे लग्नाला जायचं नाही, कुणी त्याला बोलवायचं नाही. "पोरीनं केलं म्हन, मी चुकलो म्हन, मंग घेतो," असं यादोराव त्याला सांगून गेले. ईश्वरदासने मान हलवली नाही.

हे सगळं अल्काला कळलं ते वच्छलाकडून. दिवाळी उलटून महिना झाल्यावर एका दुपारी ती गोंदियाला अल्काच्या घरी आली. पदर डोक्यावर घट्ट ओढून ती बिडीच्या पानांच्या ढिगाशेजारी बसली. चहा तसाच राहिला.

"त्याहीले नाई सांगतलं मी इथं आली ते," ती म्हणाली. "दोन महिने झाले, घरात मासा शिजला नाई. आमी ढिवर, बाई. ते दिवसभर तलावाच्या पाळीवर बसून पान्याकडे पाहून राहतेत. कोनाशी बोलत नाई. मले भेव वाटते."



"तू येऊन एवढंच सांग, का औषधाची बाटली तुह्या हातून सुटली, पान्यात पडली. जानूनबुजून नाई, चुकून. यादोराव म्हनते, पोलिसात देनार नाई. त्याहीले मंग घेतीन सोसायटीत."

"काकी, पण मी टाकलं नाही."

"टाकलं का नाई, ते मी विचारूनच नाई राहिली," वच्छला म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

अल्काची आई हातातली बिडी ठेवून मुलीकडे बघत राहिली. ती काही म्हणाली असती तर अल्का कदाचित थांबली असती. अल्का विचार करत होती तो एवढाच: खरं सांगून मी काय मिळवलं? एका माणसाने ऐकलं, आणि तोच पाण्याबाहेर पडला.

बैठक समाजमंदिरासमोर भरली. अल्का वडिलांबरोबर आली. तिने खाली बघत ते वाक्य म्हटलं. माझ्या हातून बाटली पाण्यात पडली. मी घाबरले. म्हणून आधी सांगितलं की मासे मरतील. माझी चूक झाली. यात ईश्वरदास काकाजींचा दोष नाही.

गर्दीतून एक सुस्कारा निघाला, सुटकेचाच म्हणा ना. जे कळत नव्हतं ते कळल्याची सुटका. यादोराव म्हणाले, "लेकरू आहे, चुकलं. झालं आता."

मग तिने मान वर केली. ईश्वरदास मागे लिंबाखाली उभा होता. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मुलगी आली आहे एवढं ऐकून तो आला होता. तो तिच्याकडे बघत होता. दोन महिने ज्या एका वाक्यासाठी त्याने घर, जात, तलाव पणाला लावला होता, ते वाक्य तिने स्वतःच खोटं ठरवलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर अल्काला सोसलं असतं. तो वळला आणि निघून गेला. "काकाजी" अशी हाक तिच्या ओठांवर आली, पण वडिलांनी तिचा दंड धरून ऑटोकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा डोंगा चार जणांनी उचलून तलावात सोडला.

खोटं गावातच राहील असं अल्काला वाटलं होतं. ते विद्यापीठात पोचलं. विद्यार्थिनीने तलावात रसायन सांडल्याची कबुली दिली, अशी छोटी बातमी कुठेतरी छापून आली होती. उमाळे सरांनी तिला बसायला सांगितलं नाही. "हे खरं आहे?"

"नाही सर. मी खोटं बोलले." तिने सगळं सांगितलं.

सरांनी ऐकून घेतलं. बहुधा त्यांना पटलंही. पण ते म्हणाले, "साऱ्या गावासमोर बोललीस. आता हे आकडे मी कुणाला दाखवू? आणि माझं नाव त्यावर कसं घालू?" दोन वर्षांचं काम त्यांनी तिच्याकडे परत सरकवलं. ते तिने घरी आणून फळीवर ठेवलं, आणि पीएच.डी. तिथेच थांबली. पुढच्या जूनमध्ये गोंदियातल्या एका खाजगी शाळेत तिला विज्ञान शिकवायची नोकरी लागली. सातवीच्या पुस्तकात तलावाचं चित्र होतं, त्यात निळं पाणी, कमळ आणि हसणारा मासा. तो धडा ती एका तासात उरकून टाकायची.

जांभूळटोल्यात कोंबडखताची ट्रॉली चालूच राहिली. थांबायचं कारणच काय? दोष बाटलीचा होता, आणि बाटलीवाली बाई तर गेली होती.

पुढच्या वर्षी पोळा झाल्यावर आभाळ पुन्हा भरलं. शाळा सुटून अल्का घरी आली तर वच्छला ओट्यावर बसलेली. वर्षभरात ती वाळली होती. अल्काने विचारायच्या आधीच ती बोलली.

"यंदा तं तू नव्हती."

अल्काने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"तीन दिस ऊन नाई. त्याहीनं सकारी पाह्यलं, मासे तोंडं वर काढून राहिलेत. धावत गेले यादोरावाकडे. जाळं टाका म्हने, उद्या मरतीन. लोक म्हनाले, तुले कसं मालूम?" वच्छला थांबली. "मंग मेले सारे. आन् त्याहीले मारलं, बाई. त्या पोरीकडून औषध आनून ठेवलं होतं म्हने. डोंगा जाळला. ह्या खेपी त्याहीच्यासाठी बोलाले कोनी नाई."

अल्का तिच्या शेजारी बसली. मग तिने सगळं सांगितलं, अगदी सोप्या शब्दांत. शेवाळ, खत, रात्र, श्वास. वच्छलाने मन लावून ऐकलं.

"मंग कोनीच टाकलं नाई?"

"कोणीच नाही, काकी."

"तं तू तवा खोटी बोलली."

"हो."

तूच बोलायला लावलंस, असं अल्का म्हणाली नाही. वच्छलाही ते विसरली नव्हती. तिने पदराने तोंड पुसलं आणि पायांकडे बघत राहिली. अल्का म्हणाली, "मी येते. उद्याच येते. साऱ्यांसमोर सांगते."

"नको येऊ," वच्छला उठत म्हणाली. "तुह्यं आता कोन आयकन?"

लागोपाठ दोन वर्षं मासे गेल्याने त्या हिवाळ्यात सोसायटी मोडली. तलाव बाहेरच्या ठेकेदाराकडे गेला, आणि ढिवरांची बरीच घरं कामाच्या शोधात गाव सोडून निघाली. शाळेच्या रस्त्यावरच्या राइस मिलपाशी एका सकाळी अल्काला ईश्वरदास दिसला. ट्रकमधून धानाची पोती उतरवणाऱ्यांत तो होता. डोक्याला टॉवेल, दाढी वाढलेली, डावा पाय जरा ओढत चालत होता. ती सायकल भिंतीला टेकवून त्याच्यासमोर गेली. पोतं खाली टाकून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि तिला वाटलं होतं तसा तो वळून गेला नाही.

"वच्छलेनं सांगतलं मले," तो म्हणाला. "तू तिले का का सांगतलं ते." मिलचा भोंगा, भुशाचा धूर, मागे मुकादमाची हाक. तो तिच्या चेहऱ्याकडे नीट बघत होता, जसा पूर्वी बाटलीकडे बघायचा. "एक सांग पोरी. तवा खोटी बोलली, का आता खोटी बोलून राहिली?"

"तेव्हा, काकाजी. तेव्हा बोलले."

मग त्याने मान हलवली. पण पटलं म्हणून, की असू दे म्हणून, हे अल्काला कळलं नाही. मुकादमाने पुन्हा हाक मारली. ईश्वरदास ट्रककडे गेला, पाठ वाकवली, आणि वरच्या माणसाने त्याच्या पाठीवर पुढचं पोतं टाकलं.